त्या सकाळचं बावन्न लिटर

१

“सहा गायी गोठ्यात, आन चहाला दूध इकत घ्या. हेच तेवढं ऱ्हायलं होतं.”

मीना हे कुणाला उद्देशून म्हणाली नव्हती. पण हसनाबादच्या अलीकडच्या त्या वाडीतली दूध संकलन केंद्राची खिडकी एवढीशी होती, की बाहेरच्यानं ओठातल्या ओठात शिवी घातली तरी आत बसलेल्या सत्यशीलेच्या कानात ती पडायचीच. वीस वर्षांत तिनं अशा किती ऐकल्या असतील. बहुतेक तिच्या फॅट मशीनला असत, थोड्या तिला.

“अर्धा लिटर म्हशीचं द्या ताई,” मीनानं पातेली पुढं केली.

“का गं? पाव्हण्यांना एचएफचं चालत न्हाई व्हय?”

“पाणी म्हणतेत त्याला. सासूबाईंनी कप नुसता नाकाला लावला आन सरकवून दिला. बोलत तर न्हाईतच त्या. इतक्या वर्षांची जीभ, मैनेच्या दुधाची सवय.”

“मंग मैनेला काय झालं?”

“देतच न्हाई. बाबा गेल्यापासून बारा दिवस झाले, थेंब न्हाई. वासरू लावून बघितलं, सरकी ठेवून बघितली. आपला हात लागला की दूध वर चढवून घेती. आन वासराला मातर गुपचूप पाजती, बया.”

सत्यशीलेनं माप ओतलं आणि पातेली परत सरकवली. 

सत्यशीला नवरा गेल्यावर या केंद्रात झाडायला आली होती. झाडता झाडता मशीनसोबत आलेलं पुस्तक वाचलं, मग मशीन चालवायला लागली, आणि आता अख्ख्या शिवारातल्या गायी तिला दुधावरून ओळखू येत. माणसांची नावं तिला उशिरा आठवायची. जर्सीचं पिवळट दूध, फॅट साडेचारच्या पुढं. म्हशीचं सातला टेकणारं. एचएफचं, म्हणजे होल्स्टिन संकरित गायीचं, भरपूर आणि पातळ, साडेतीनच्या आत-बाहेर. आणि देवणीचं, हे तर केंद्रावर येतच नसे. दिवसाला चार लिटर देणारी काळी-पांढरी देवणी कोण कशाला विकायला आणेल? ते घरच्या चहात आणि नातवंडांच्या वाटीत जाई.

मीनाच्या सासऱ्यांची, रामरावांची मैना देवणी होती. आणि बारा दिवसांपूर्वी पहाटे, त्या मैनेनं धार काढताना लाथ मारली, रामराव गव्हाणीच्या दगडावर डोक्यावर पडले आणि जागीच गेले, असं सगळं गाव म्हणत होतं. पोलिसांनीही तेच लिहून घेतलं. मैनेच्या मागच्या पायांना बांधायची दोरी त्या पहाटे जागेवर नव्हती. आदल्या संध्याकाळी गड्यानं, पुंजारामनं, ती कडब्याच्या पेंढीला बांधली आणि परत ठेवली नाही. म्हणजे गायीनं मारलं खरं, पण मारू दिलं पुंजारामनं. उद्या तेरावा. परवा मैना बाजारात. आणि पुंजाराम उद्या सकाळच्या गाडीनं बायकोला घेऊन अंकुशनगरला, ऊसतोडीवर. बावीस वर्षं एका गोठ्यात काढलेला माणूस.

मीना गेली. सत्यशीलेनं मशीनवरचं बटण दाबत दाबत मागची तारीख काढली.

त्या दिवशी. सहा वाजून पंचवीस मिनिटं. अंगद रामराव, मीनाचा नवरा. फॅट तीन पूर्णांक चार. दूध, बावन्न लिटर.

तिनं चष्मा पुसून परत बघितलं. घरात मयत झालेलं, आणि दूध रोजच्यापेक्षा एक लिटरसुद्धा कमी नव्हतं.

२

पुंजारामच्या घरी पोत्यात भांडी भरणं चाललं होतं. त्याची बायको कांताबाई तवा फडक्यात गुंडाळत होती आणि पुंजाराम दारात उकिडवा बसून ते बघत होता. बारा दिवसांत त्याचे गाल आत गेले होते.

“पुंजारामभाऊ, एक इचारायचंय.”

“इचारा की ताई. सगळेच इचारून राह्यले.”

“दोरीचं न्हाई. दुधाचं. त्या दिवशी केंद्रावर दूध तुम्ही आणलं. काढलं कुणी?”

त्याला हा प्रश्न अजून कुणी केला नव्हता. तो आठवायला लागला, आणि चेहऱ्यावरून दिसत होतं की आठवायचं त्याला बिलकुल नको आहे.

“मी सहाला गेलो. रोजच्यावाणी. शेण काढायला. तर वाड्यावर रडारड. शेजारच्या गोजरबाईच्या पोराच्या गाडीत मालकाला घालून भोकरदनच्या दवाखान्यात नेल्तं. मी गोठ्यात गेलो, तर दोन्ही कॅन भरलेले. मला वाटलं शेजारच्यांनी काढलं आसन. गायी दुधानं कशाला तटवायच्या, म्हणून. मी आपला उचलून आणलं तुमच्याकडं.”

“मैना कशी होती?”

“कशी म्हणजे?”

“कास. भरलेली होती का सैल?”

 कांताबाईनं तव्यावरचा हात थांबवला.

“सैल होती,” तो म्हणाला. “आन वासरू सुटं होतं. तिच्याजवळ बसलेलं. पोट डम्म. मला वाटलं गडबडीत दावं सुटलं.”

“रामराव वासरू कधी सोडायचे?”

“धार झाल्यावर. आधी इतकुसं पाजायचं, मंग तिच्या म्होरं बांधायचं, ती चाटत ऱ्हायची आन मालक तीन सड पिळायचे. चौथा वासराचा. चरवी बाजूला ठेवली की मंग दावं सोडायचे. कधी चुकलं न्हाई त्यांचं.”

मग त्यालाच काहीतरी उमगलं. पण चेहरा उजळायच्या ऐवजी तो आणखी खाली बसला, भिंतीला टेकून.

“ताई, राहू द्या.”

“का? लाथ मारणारी गाय अगोदर सगळं दूध देती का, भाऊ? बुजलेली देवणी थेंब सोडत न्हाई. धार झाली होती, वासरू सोडलं होतं. म्हणजे रामराव तिच्याखालून उठले होते. तुमच्या दोरीचा ह्यात काही संबंधच न्हाई.”

“ते कळलं मला. पर गायीनं न्हाई मारलं, तर मंग कुणी मारलं, असं इचारतील ना लोक?” पुंजाराम म्हणाला. “आन मंग बोट कुणाकडं करतील? आत्ता निदान नुसतं इसराळू म्हणतेत मला.”

कांताबाईनं तवा पोत्यात टाकला. 

३

गोजरबाई ओसरीवर तूर पाखडत होती. रामरावांच्या घराला तिच्या घराची भिंत लागून, आणि त्या भिंतीतून जे ऐकू येई त्यावर गोजरबाईचं अर्धं आयुष्य सुखात गेलं होतं.

“आम्ही कशाला दूध काढतो बाई? पावणेसहाला अंगदचा फोन आला, माझं पोरगं अंगात सदरा घालत घालत पळालं. दूध पुंजारामनं काढलं की.”

“पुंजाराम म्हणतो तुम्ही काढलं.”

“आता गं बाई!” गोजरबाईचं सूप थांबलं. “पावणेसहा ते सहात बावन्न लिटर? माझ्या ह्या हातानं?”

“हातानं काढलं तरी बावन्न निघत न्हाई, गोजरमावशी. धार काढायच्या मशीनची सवय लागलेली एचएफ हाताला अर्धवट सोडती. पाच गायींमागं दहा-बारा लिटर कमी पडलं असतं. हे मशीनचं दूध आहे.”

“मंग मशीननं काढलं.”

“लाईट किती वाजता गेल्ती त्या दिवशी?”

त्या सगळ्या आठवड्यात पहाटे साडेपाचलाच जात होती. गोजरबाईला हे पाठ होतं, कारण तिची पाण्याची मोटरही त्याच लाईटवर. तिनं पाखडलेली तूर परत पाखडायला घेतली.

“आन सकाळी लोकांना चहा कुणी पाजला?” सत्यशीलेनं विचारलं. “मयताच्या घरी चूल पेटत न्हाई.”

“मीच पाजला. शेजारणीनं करायचं नसतं का? त्यांच्या ओसरीवर चरवी होती दुधाची, उचलली, घरी आणली, गंजभर चहा केला. भोकरदनहून गाडी परत येईपर्यंत चाळीस माणूस जमलं होतं.”

“दूध कसलं होतं?”

“मैनेचं. आता ते काय कळत न्हाई व्हय? वर अजून फेस बसलेला होता. दाट. एका पाव्हण्यानं दोनदा मागितला.” बोलता बोलता तिचा आवाज बारीक झाला. बाई भोचक होती, खुळी नव्हती. “चरवी ओसरीवर होती, सत्यशीले. गोठ्यात न्हाई.”

“रामराव आणायचे का ओसरीवर?”

“ते कधीच आणायचे न्हाईत. ते गव्हाणीवर ठेवायचे, आन तिथनंच हाक मारायचे. सून यायची न्यायला.”

सत्यशीला जायला उठली.

“तू काही बोलू नको,” गोजरबाई म्हणाली. “आपल्याला ह्याच गल्लीत ऱ्हायचंय.”

४

दुपारी केंद्र बंद असतं. सत्यशीला आत बसली, पंखा न लावता, आणि मनात एकेक गोष्ट कॅनच्या झाकणावर मांडावी तशी मांडत गेली.

अंगद म्हणतो, मला त्या दिवशी झोप लागली, पावणेसहाला गोठ्यात गेलो तर बाबा मैनेखाली मरून पडलेले दिसले. ही गोष्ट साऱ्या गावानं ऐकली आणि मानली, कारण गावानं मयत बघितलं होतं. दूध एकट्या सत्यशीलेनं बघितलं होतं.

बावन्न लिटर म्हणजे मशीन. मशीन म्हणजे साडेपाचच्या आत. एका बादलीचं मशीन, पाच गायी, कास धुणं, सडांना मशीनचे कप लावणं, काढणं: पाऊण तास तरी हवाच. म्हणजे पावणेपाचपासून अंगद गोठ्यात होता. आणि रामराव चारला उठणारे. मैनेला पान्हा फुटायला वेळ लागतो, तिला घाई चालत नाही, तिचं उरकायला पाच वाजून जातात. धार झाली, चरवी गव्हाणीवर ठेवली, वासरू सोडलं. तोवर रामराव धडधाकट. त्याच्या पुढं केव्हातरी पडले. आणि तेव्हा गोठ्यात अंगद होता, मशीन चालू होतं.

 अंगद आणि रामरावांची मैनेवरून भांडणं साऱ्या गल्लीला ठाऊक. “तिच्या खर्च्यात अजून एक एचएफ पोसली जाईल,” हे अंगदचं. “मी जिता आहे तवर न्हाई,” हे म्हाताऱ्याचं. धक्का दिला असेल? रागात? आणि मग पुरावा नको म्हणून गाय पुढं केली?

पण मग ते बावन्न लिटर.

बापाला ढकललेल्या माणसाचे हात कापतात. कप नीट लागत नाहीत, हवा खेचतात, गाय नाचते, आणि दूध घटतं. एचएफ मशीनचा आवाज झाला की दूध सोडते, शेजारी कोण पडलंय हे ती बघत नाही; तिच्या जातीला तेच तर शिकवलंय पिढ्यान् पिढ्या. पण माणूस घाबरला की तिलाही कळतं. आणि त्या दिवशी तर एक थेंब कमी नाही. फॅटही रोजची. शेवटचं दाट दूधसुद्धा नीट निथळून काढलेलं, पाचही गायींचं.

म्हणजे कुणी घाबरलेलं नव्हतं. कुणी गडबडीत नव्हतं. त्या गोठ्यात, म्हातारा पडलेला असताना, शांतपणे, रोजच्यासारखं, काम चाललं होतं.

सत्यशीलेला वाटलं, खून निघाला असता तर बरं झालं असतं.

तिनं केंद्राला कुलूप लावलं आणि रामरावांच्या घराकडं निघाली.

५

उद्याच्या तेराव्यासाठी पत्रावळींची बंडलं ओसरीवर रचलेली होती. अंगद त्यांना टेकून फोनवर मंडपवाल्याशी बोलत होता. मीना आत लसूण सोलत बसलेली. रामरावांची बायको सगुणाबाई खांबाशी बसल्या होत्या, पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला. बारा दिवसांत त्यांनी “हूं” च्या पलीकडं शब्द काढला नव्हता. दुःखानं वाचा बसली असं बायका म्हणत.

“या ताई,” अंगदनं फोन ठेवला. “दुधाचं काही?”

“दुधाचंच.” सत्यशीला पायरीवर बसली. “अंगद, पुंजाराम उद्या चाललाय. त्याला थांबव. उद्या पंगतीत चार लोकांत एवढंच म्हण, की दोरीचा संबंध न्हाई, मैनेनं मारलं न्हाई. बाकी मला काही नको.”

“तुम्हाला काय माहीत, मैनेनं मारलं न्हाई म्हणून?”

तिनं सांगितलं. सगळं, क्रमानं. सैल कास, सुटं वासरू, फेस बसलेली चरवी, साडेपाचची लाईट, बावन्न लिटर. आवाज चढवला नाही. केंद्रावर फॅट सांगते तसं सांगितलं.

अंगदनं ऐकून घेतलं. मग तो हसल्यासारखं करून म्हणाला, “ताई, तुम्ही दुधाची फॅट काढा. आमच्या घरची कशाला काढून राह्यल्या?”

“मशीन तू चालवलं.”

“चालवलं. मंग? बाबा मैनेच्या बाजूला पडलेले, मी इकडच्या बाजूला. मशीनचा आवाज. दिसले न्हाईत. असं होत न्हाई का?”

“होतं. पण चरवी गव्हाणीवरनं ओसरीवर आली. मशीन चालू असतानाच आली, नंतर तुम्हाला कुठली फुरसत.” सत्यशीलेनं आत बघितलं. “मीना, चरवी उचलली तेव्हा बाबा कुठं होते गं?”

लसणाची पाकळी मीनाच्या हातातून घरंगळून पडली. ती उचलायला ती वाकली आणि वाकलेलीच राहिली.

“चरवीपाशीच,” ती जमिनीकडं बघत म्हणाली.

“मीना,” अंगद म्हणाला.

“मंग काय सांगू? चरवीपाशीच होते. पोत्यावर.”

कुणीतरी कुठंतरी ट्रॅक्टर चालू केला आणि बंद केला. अंगद उभा होता तो खाली बसला. पत्रावळीचं एक बंडल त्यानं उगाच सरळ केलं.

“चक्कर आल्ती त्यांना,” तो म्हणाला. “यायचीच अधनंमधनं. वासरू सोडून वळले, पाय पाईपात अडकला का काय, मागं पडले. डोक्याला थोडं लागलं. मी पळालो की. उचललं, पोत्यावर टेकवलं. म्हणलं पडून ऱ्हावा पाच मिनिटं, बरं वाटल. बराबर बसले बी होते. तीन गायी झाल्त्या. दोन ऱ्हायल्या होत्या, आई त्यांच्या कासा धुत होती. कप लावलेले होते ताई, लाईट जाणार होती. तुम्हाला माहिताय, एचएफ भरलेली ठेवली तर काय होतं. संध्याकाळपर्यंत कास दगड. मागच्या साली एक गाय अशीच कास सुजून बसली आमची.”

सत्यशीलेला माहीत होतं. मैनेला एक वेळ धार चुकली तर ती वासराला पाजून मोकळी झाली असती. अंगदच्या गायींना वासरं कधी लावलीच नव्हती. त्यांचं दूध घड्याळावर उतरत होतं, आणि घड्याळ त्या घरात बापाच्याही आधी बघितलं जायचं. हे अंगदचंच घर होतं असंही नाही. केंद्रावर पहाटे उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाचं होतं. आणि साडेसहाला दुधाची गाडी निघते, थांबत नाही, हे त्या प्रत्येकाला खिडकीतून सांगणारी कोण होती?

“मंग?” तिनं विचारलं.

“मंग काय. मशीन बंद केलं तवा त्यांची मान कललेली. डोक्यात आत रक्त साचलं म्हणला डॉक्टर. आता गावाला काय सांगायचं होतं, तुम्हीच सांगा. लोक पहिलं इचारतील, किती वाजता पडले. मंग इचारतील, किती वाजता नेले. पुंजारामला मी वाईट बोललो न्हाई एका शब्दानं. गायीचं नाव घेतलं. गायीला काय फरक पडतो? दोरीचं लोकांनी काढलं.”

“आन तू काढू दिलंस.”

“काढू दिलं.” त्यानं दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले. “उद्या पंगतीत सांगू म्हणता. काय सांगू? माझ्या पोरांना ह्याच गावात ऱ्हायचंय. पुंजाराम जाईन, चार महिन्यांनी यीन. त्याला मी परत कामावर घीन, आईची आण.”

तो परत येणार नव्हता. हे तिघांनाही कळत होतं. आणि अंगद उद्या पंगतीत काही बोलणार नव्हता, हेही.

“एक सांगतो ताई,” अंगद जरा सावरून म्हणाला. त्याला आता कुणाला तरी हे पटवून द्यायचंच होतं, बहुधा स्वतःला. “त्यांना त्रास झाला न्हाई. बिलकुल न्हाई. झोपेत गेल्यावाणी गेले. आवाज न्हाई, काही न्हाई. आम्हाला वाटलं डोळा लागला. काही बोलले असते, काही मागितलं असतं, तर मी सोडलं न्हाई का मशीन? शेवटी त्यांना काही कळलंच न्हाई. तेवढंच समाधान.”

मीना वाकलेलीच होती. तेवढ्यात खांबाशी पदर हलला. सगुणाबाईंनी तो कपाळावरून मागं घेतला. बारा दिवसांत पहिल्यांदा त्यांचा सगळा चेहरा दिसत होता. त्यांनी लेकाकडं बघितलं नाही, सुनेकडं नाही, सत्यशीलेकडंही नाही. समोरच्या भिंतीकडं बघत, घसा कोरडा पडलेल्या माणसासारखं सावकाश, त्या म्हणाल्या,

“पाणी मागितलं त्यांनी. दोन डाव मागितलं. मीच म्हणलं, थांबा, एवढी एक गाय होऊ द्या.”